बदामीचा दिवस

वंदना, आजवर कोणालाच सांगितलं नाही ते आधी सांगून टाकतो, नाहीतर पुन्हा इकडचं तिकडचं लिहीत बसेन. डॉक्टरबाईंचा फोन आपण फिरायला निघायच्या आधीच आला होता. तुला मी सांगितलं की त्यात काळजीचं काही नव्हतं, आणि बोलावणं आपण परत आल्यावर आलं. ते खोटं होतं.

मी उरल्याला कारखान्यात होतो. शिफ्ट बदलून राहिली होती, आत सळ्यांचा खणखणाट. तुझा मोबाइल एकतर बंद, नाहीतर पर्सच्या तळाशी. म्हणून गॅसच्या बुकिंगपासून सगळीकडे तू माझाच नंबर द्यायचीस. समता कॉलोनीत सोनोग्राफी केलीस तिथंही तोच दिला होतास. बाई हिंदीत बोलल्या, अगदी सावकाश. पोटात गाठ आहे, तिचं लक्षण मला बरं वाटत नाही, मोठ्या हॉस्पिटलात दाखवा, आणि याच आठवड्यात दाखवा. मी "जी मॅडम, जी मॅडम" करत होतो. मागचा आवाज ऐकून त्यांनी विचारलं, "सुनाई दिया ना आपको?" मी म्हणालो, "हां मॅडम, सुन लिया."

आणि खरंच ऐकलं होतं, एकेक शब्द.

घरी आलो तर दोन्ही सॅक भिंतीला टेकून तयार उभ्या, आणि तू बेसनाच्या तळलेल्या ठेठरी डब्यात भरून राहिली होतीस. हात न थांबवता विचारलंस, "बाईचा फोन आला का हो?" मी जोडे काढत होतो. खाली पाहूनच बोललो, "आला. गॅस आहे म्हणे. फिरून आल्यावर एकदा दाखवून द्या म्हणाल्या."

"पाहा. मी म्हणतच होती," तू म्हणालीस, आणि डब्याचं झाकण दाबून लावलंस.

आता इथल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी घरी येऊन गेले. म्हणाले, "भाऊ, वहिनींवर अंकासाठी चार ओळी द्या, फोटो लावू." तसं लिहायला बसलोही होतो. महासमुंदचं माहेर, प्राथमिक शाळेतली नोकरी, हौशी, बोलक्या स्वभावाची. मग पुढे 'स्वतःच्या प्रकृतीकडे दुर्लक्ष' असं लिहायची वेळ आली आणि पेन खाली ठेवला. कारण सगळे तेच बोलतात. तेरवीला माझी आत्या पंगतीत बसल्या बसल्या म्हणाली, "बाईची जातच अशी बाप्पा. दुखणं अंगावर काढते अन् मंग मांगच्याइले रडवते." आपली मिनू वाढत होती. ती थांबली आणि म्हणाली, "मम्मी ने कभी अपना ध्यान रखा ही नहीं, बुआ-दादी. सबको डॉक्टर के पास ले जाती थी, खुद नहीं गई."

मी तिथंच होतो, हातात पाण्याचा जग. एका वाक्याचं काम होतं. ती गेली होती, पोरी. शाळा सुटल्यावर ऑटो करून, एकटी, वेळेत गेली होती. मी पुढच्या पानाशी गेलो आणि पाणी वाढलं.

म्हणून चार ओळी राहू दे. हे तुलाच लिहितो.

मी बोलत नाही, ही तुझी माझ्याविषयीची पहिली तक्रार आणि शेवटचीही. मिनू नोकरीला हैदराबादला गेली तेव्हा तेलीबांध्याच्या तळ्याकाठच्या त्या फ्लॅटमध्ये आपण दोघंच उरलो, आणि काही महिने नुसता पंख्याचा आवाज. मग एका रविवारी तू म्हणालीस, "चला, सिरपूरले जाऊ. इथं बसून काय त्या तळ्याच्या बत्त्या मोजाच्या." मिनूची कॉलेजची सॅक तू घेतलीस, माझ्यासाठी बाजारातून एक आणलीस. खाली उतरलो तर पहिल्या मजल्यावरचे भैया गेटपाशी उभे. "क्या भाईसाहब, किस होटल का खाना डिलीवर करने निकले?" मला तिथल्या तिथं परत वर जावंसं वाटलं. तू म्हणालीस, "पुराना माल है भैया, कोई लेता नहीं, इसलिए घुमा रही हूँ।"

सिरपूरच्या उत्खननात लोक देवळाचे फोटो काढतात. तू विटांच्या ओळीतून वाकून चालत होतीस, काहीतरी पडलेलं शोधावं तशी. मी विचारलं तर म्हणालीस, "मोरी पाहून राहिली." आणि सापडली. भिक्खूंच्या खोल्यांमागे दगडी नाली, पाणी वाहून जायला नीट उतार दिलेला. तू तिच्याशेजारी मांडी घालून बसलीस. मूर्ती सगळेच घडवतात, म्हणालीस, पण मोरी केली म्हणजे माणसं खरंच राहत होती. भांडी घासली, आंघोळी केल्या, एकमेकांवर ओरडली की पाणी तुंबलं. त्यानंतर आपण कुठेही गेलो, राजवाडा असो की मठ, मोरी सापडेपर्यंत तू हलत नसायचीस.

मला समुद्र पाहिजे होता. आयुष्यभर सळ्यांच्या रोलिंगचा आवाज ऐकलेल्या माणसाला असा आवाज पाहिजे असतो ज्याच्यात कोणाचा हात सापडत नाही. पुरीला पहिल्यांदा पाहिला आणि वाळूवरून उठलोच नाही. तुला कोणार्कला जायचं होतं. तिथं आपण भांडलो, लॉजच्या जिन्यात, हळू आवाजात, मॅनेजर ऐकेल म्हणून. "हे काय दोन दिवस पाण्याकडे तोंड करून बसणं. पाण्यात काही उरते का? काल कोण आलतं, आज पुसलं." मी म्हणालो, म्हणूनच बरं वाटते. तू म्हणालीस, "मले नाही वाटत." त्या भांडणातून आपला कायदा निघाला: एक दिवस दगडाचा, एक पाण्याचा. दगडाचा दिवस तुझा. कितीही वेळ मोरी शोधलीस तरी मी 'चल' म्हणायचं नाही. पाण्याचा माझा, मी कितीही वेळ गप्प बसलो तरी तू 'काय विचार करून राहिले' विचारायचं नाही. एखाद्याचा दिवस बुडाला, कोणी दुसऱ्याचा घेतला, तर तो उधार राहायचा आणि पुढच्या फेरीत परत करायचा. महाबलिपुरमला तुझ्या तापात माझा दिवस गेला, तो तू पुढच्या वर्षी धनुष्कोडीला फेडलास. मी विसरलोही होतो.

तर शेवटची फेरी. हंपी तुझं, मग गोकर्ण माझं, आणि परतताना बदामी तुझं. बदामीचं तू कित्येक महिने बोलत होतीस. तिथल्या तळ्याच्या दगडी पायऱ्यांवर बाया अजून धुणं धुतात, हे तू कुठं तरी ऐकलं होतंस. "म्हणजे मोरी चालू आहे," तू म्हणायचीस, एखादी ओळखीची बाई अजून त्याच घरात राहते म्हटल्यासारखं. "बाकी सगळीकडे आपण गेल्यावर पाहतो. तिथं चालू आहे."

गाडीत तू खिडकीशी झोपलीस आणि मी तुझ्या पोटाकडे पाहत बसलो. तू इतकी वर्षं समोर वावरत होतीस आणि असं मी कधी पाहिलं नव्हतं.

हंपीला तुझी सॅक मी घेतली. एक पाठीवर, एक छातीवर. तू म्हणालीस, "आता दोन्हीकडून पोट आलं तुम्हाले." पहिल्याच चढणीला तू दगडाला टेकलीस आणि म्हणालीस की जरा दम लागला, यंदा वजन वाढलं. मी हो म्हणालो. मग कालव्याच्या कडेनं चालताना ती ताटं दिसली, दगडात कोरलेली, ओळीनं मांडलेली. मधे भाताची जागा, बाजूला वाट्यांसाठी गोल खळगे. तू एका ताटासमोर जाऊन बसलीस, ओढणी नीट केलीस आणि म्हणालीस, "वाढा."

"काय वाढू?"

"माहा दिवस आहे. जे सुचते ते वाढा."

मी उभ्यानंच वाढलं. हा भात. हे वरण. ही वांग्याची भाजी. ही चटणी.

"तूप?"

"संपलं."

"संपलं कसं? राजाचं घर आहे."

कोणी तरी फिरायला आलेली पोरं हसत पाहत होती. मला एरवी लाज वाटली असती. मी दोन्ही सॅक खाली ठेवल्या आणि तूपही वाढलं. मग मी खरा डबा काढला. तू एक ठेठरी अर्धी खाल्लीस आणि उरलेली परत डब्यात ठेवलीस.

"पोट गच्च झालं हो. खाल्लं काही नाही अन् गच्च."

"उन्हानं होते तसं," मी म्हणालो.

"उन्हानंच," तू म्हणालीस.

वंदना, मला ठाऊक होतं ते कशानं. हा एक क्षण मी कोणत्याही बाजूनं पाहिला तरी तसाच राहतो. तू दगडाच्या ताटापुढे बसलेली, आणि मी सगळं उन्हावर ढकलून डब्याचं झाकण लावतोय.

गोकर्णला झोपडीवाल्या अक्कांनी आपल्याला पाहून मोडक्या हिंदीत विचारलं, "शादी नया है क्या?" तू म्हणालीस, "नया नहीं अक्का, धुला हुआ है।" संध्याकाळी आपण वाळूत बसलो. तू पहिल्यांदा पाण्यात गेलीस, गुडघ्यापर्यंत, सलवार भिजवून, आणि परत येऊन माझ्या शेजारी पाय पसरलेस.

"आज तुमचा दिवस," तू म्हणालीस, "अन् तुम्ही माह्याकडे पाहून राहिले. समुद्र तिकडे आहे."

मी मान समुद्राकडे वळवली.

"इतके चांगले काहून वागून राहिले? सामान उचलता, तूप वाढता. लफडं केलं का कोणतं?"

"हव," मी म्हणालो. "केलं."

"कोणासंग?"

"डॉक्टरबाईसंग."

तू इतकी हसलीस की पोट धरून वाकलीस, आणि मग तो हात तिथंच राहिला, हसणं संपल्यावरही. कबुलीच्या मी तितकाच जवळ गेलो होतो. तिथून परत फिरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू सॅक भरायला घेतलीस. मी म्हणालो, "वंदना, अजून इथंच राहू का?" तू वर पाहिलंस. मी काही मागत नाही हे तुला माहीत होतं; मागितलं म्हणजे मनापासून पाहिजे असणार, असं तुला वाटलं. तू भरलेले कपडे परत बाहेर काढलेस.

"घ्या माहा बदामीचा दिवस. पण उधार आहे हं."

"परत करीन."

आणि मनापासून पाहिजे होतंही, पण समुद्रासाठी नाही. बदामीला पायऱ्या आहेत. पायऱ्यांवर तू थांबली असतीस, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, माझ्याकडे पाहून विचारलं असतंस की हे वजनाचं नाही ना, आणि मग मला सांगावं लागलं असतं. वाळूत बसलेल्या माणसाला दम लागत नाही. एवढ्यासाठी मी तुझा दिवस घेतला. आधी आठवडा घेतला होता, मग दिवसही घेतला.

लोकांना सांगितलं असतं तर कोणी तरी म्हणालं असतं, भाऊ, तुम्ही तिला शेवटचा आनंद दिला. मीही स्वतःला बरेच महिने हेच सांगत आलो. ते खरं नाही. मी घाबरलो होतो. तू आजारी नसलेली मला आणखी थोडी पाहिजे होतीस, आणि ती मिळवायला मी तुझ्याच अंगातला वेळ खर्च केला, तुला न विचारता. विचारलं असतं तर कदाचित तूच म्हणाली असतीस, आधी हंपी, मग हॉस्पिटल. तू तशी होतीस. पण ते तू म्हणायचं होतंस.

परत आल्यावरही लगेच बोललो नाही. सॅक झटकल्या, धुतल्या, बाल्कनीत वाळत घातल्या. रोज वाटायचं, उद्या. मग एका सकाळी शाळेत जाताना तू जिन्यातच बसलीस आणि उठेनास, तेव्हा मी म्हणालो की आत्ताच बाईंचा पुन्हा फोन आला होता, बोलावलंय.

समता कॉलोनीत त्या खोलीत शिरलो तशा बाई माझ्याकडे वळल्या. "मैंने तो आपको उसी समय..." एवढं बोलल्या, माझा चेहरा पाहिला आणि थांबल्या. मग तुझा हात हातात घेऊन तुझ्याशी बोलल्या. परतताना स्कूटरवर तू मागे बसली होतीस. तळ्यापाशी म्हणालीस, "थांबवा जरा." आपण कठड्याशी उभे राहिलो. फिरायला आलेल्या लोकांच्या गर्दीत तू पाण्याकडे पाहत विचारलंस, "बाई काय म्हणत होत्या तुम्हाले?"

"काही नाही."

"हव," तू म्हणालीस, आणि स्कूटरकडे चालू लागलीस.

कधी कधी मन सांगतं की तुला कळलं होतं, आणि तू सोडून दिलंस. मी ते घेत नाही. तू माफ केलंस की नाही हे तू बोलली नाहीस, आणि तुझ्या न बोलण्यातून माझ्या सोयीचं काढून घ्यायचा मला हक्क नाही. न बोलणं काय असतं ते माझ्याइतकं कोणाला माहीत.

मग ऑपरेशन, सलाइन, केस गेले, परत थोडे आले. मोठ्या डॉक्टरांना मी एकदा बाहेर गाठून विचारलं की थोडं आधी आलो असतो तर. ते म्हणाले, नक्की सांगता येत नाही. त्या वाक्यात लोकांना आधार सापडतो. मला त्यात दोन्ही बाजू दिसतात, आणि रात्रंदिवस एकीवरून दुसरीवर जातो. आणि तू काय करायचीस? येणाऱ्या प्रत्येक नर्सला धरून गोकर्णचं सांगायचीस. "दीदी, पूरा सामान इन्होंने उठाया. एक बार भी नहीं बोले कि चलो. पूरी जिंदगी में ऐसा घूमना नहीं हुआ।" मी खिडकीपाशी उभा राहून ऐकायचो. नर्स म्हणायची, अंकल कितने अच्छे हैं.

पुरीच्या जिन्यातलं भांडण आपलं कधी संपलं नाही. हंपीतही तू थट्टेत म्हणाली होतीस, "मी मेल्यावर मले पाण्यात नका सोडू. पाणी तुमचं. मले सिरपूरच्या मोरीत टाकून द्या." राजिमला नदीवर अस्थी सोडायला सगळे होते, आत्या, तुझे भाऊ, गुरुजी. उन्हाळ्याची महानदी, घोट्याएवढं पाणी, मधे नुसती वाळू. मी काही बोललो नाही, तिथंही. तुला पाण्यातच सोडलं. राख वाहिली नाही, वाळूला चिकटून राहिली; मग तुझ्या धाकट्या भावानं ओंजळीनं पाणी मारून ती पुढे ढकलली. ही नदी पुढे सिरपूरवरूनच जाते असं कोणी तरी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालं. जात असेल.

जायच्या काही दिवस आधी तू म्हणालीस, "बदामीचा दिवस राहिला."

"जाऊ," मी म्हणालो. आपल्याला दोघांनाही माहीत होतं.

"तो मिनूले द्या. तिले घेऊन जा. मोरी दाखवा."

मिनूनं तुझी सॅक हैदराबादला नेली आहे. परवा फोनवर म्हणाली, "बाबा, चलते हैं ना बदामी. मम्मी का मन था." पुढे म्हणाली, "काश उसने टाइम पे दिखाया होता." मी म्हणालो, "हां बेटा." त्या 'हां'नं मी तुला पुन्हा एकदा दोषी केलं होतं.

हा अंक छापून येईल, मंडळातले लोक वाचतील, रस्त्यात भेटले तर नजर चुकवतील. ते मी सोसेन. पण मिनूला मराठी कळते, वाचता येत नाही. हे आपणच होऊ दिलं. म्हणजे एवढं सगळं मी अशा भाषेत लिहिलं आहे जिथं ती पोचणार नाही, आणि लिहायला बसलो तेव्हा हे मला माहीत होतं. हेही लपणंच झालं, वंदना. ऐकल्यावर ती माझ्याबरोबर बदामीच्या पायऱ्या चढेल असं मला वाटत नाही. माझ्याशी बोलेल असंही वाटत नाही. तुझा दिवस मग कोणालाच देता येणार नाही, माझ्याकडेच राहील.

तिच्या समोर बसून, तिच्या हिंदीत, मला एवढं सांगायचं आहे की तिची आई वेळेत गेली होती आणि मी गप्प राहिलो. ते मी अजून सांगितलेलं नाही.